चांदीवर उमटलेली चित्रे

मुलांनो, आज तुम्हांला एखादे छायाचित्र काढावयाचे असले तर तुम्ही काय करता? घरातील वडीलधाऱ्यांचा मोबाइल मागून घेता, पडद्यावर बोट टेकवता आणि त्याच क्षणी चित्र तुमच्यासमोर हजर होते. ते आवडले नाही, तर पुसून दुसरे काढता. त्याला पैसा पडत नाही आणि वेळही लागत नाही. तुमचे आजी-आजोबा तुमच्या वयाचे होते, तेव्हा मात्र छायाचित्र ही मोठ्या हिशेबाने करावयाची गोष्ट होती. कॅमेऱ्यात फिल्मचे रीळ घालावे लागे. एका रिळावर बारा, फार तर छत्तीस चित्रे निघत. सगळे रीळ संपून ते धुऊन येईपर्यंत, त्यावर काय उमटले आहे हे खुद्द छायाचित्रकारालाही ठाऊक नसे.

ही फिल्म आता आपल्या व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. सुमारे एकशेसाठ वर्षे जगाने आपली मुखे, आपली गावे, आपली युद्धे आणि आपले सोहळे चांदीच्या क्षारांवर उमटवून ठेवले. आणि पुढे अवघ्या दहा-बारा वर्षांत ही पद्धत मागे पडली. ती कशी निर्माण झाली, तिच्यात कोणती किमया होती, ती का मावळली आणि तिने आपल्या हाती काय ठेवले आहे, हे आपण या पाठात पाहू.

भिंगातून आलेल्या प्रकाशाने अंधाऱ्या पेटीत समोरच्या दृश्याचे उलटे चित्र पडते, ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. अडचण होती ती ते चित्र टिकवावयाचे कसे, याची. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य एका धातूच्या पत्र्यावर उमटविले. त्यासाठी तो पत्रा कित्येक तास उजेडात ठेवावा लागला होता. पुढे त्याचा सहकारी लुई दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर अतिशय रेखीव चित्रे मिळविली आणि १८३९ मध्ये ही कृती पॅरिस येथे जाहीर झाली. पण दागेरच्या चित्राची दुसरी प्रत निघत नसे. ही उणीव इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने भरून काढली. त्याने कागदावर प्रथम उलट्या छटांचे चित्र घेतले. त्यात उजळ भाग काळे आणि काळे भाग उजळ दिसत. या चित्रातून प्रकाश पाठवून दुसऱ्या कागदावर हव्या तितक्या सुलट प्रती काढता येत. या उलट्या चित्रालाच आपण ‘निगेटिव्ह’ म्हणतो. एका मुळापासून अनेक प्रती, हे तत्त्व पुढे फिल्मच्या अखेरपर्यंत कायम राहिले.

आता या किमयेचे मर्म समजून घेऊ. चांदी आणि ब्रोमीन यांच्या संयोगाने सिल्व्हर ब्रोमाइड नावाचा क्षार तयार होतो. त्याचे अतिसूक्ष्म कण जिलेटिनमध्ये कालवून त्या मिश्रणाचा पातळ थर पारदर्शक पट्टीवर देतात. हीच फिल्म. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडली की प्रकाश या थरावर पडतो. ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांत चांदीचे अवघे काही अणू मोकळे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, परंतु चित्र तेथे दडलेले असते. त्याला ‘सुप्त प्रतिमा’ असे म्हणतात. पुढे अंधारखोलीत फिल्म एका द्रावणात बुडवली की, ज्या कणांत ते मोकळे अणू असतात, ते अख्खे कण काळ्या चांदीत रूपांतरित होतात. प्रकाशाचा स्पर्श न झालेले कण तसेच राहतात. त्यांना धुऊन काढले नाही, तर बाहेरच्या उजेडात तेही काळे पडून चित्र नष्ट होईल. म्हणून ‘हायपो’ नावाच्या दुसऱ्या द्रावणात ते विरघळवून टाकतात. हायपोचा हा गुण इंग्लंडमधील प्रसिद्ध शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने शोधून काढला होता. शेवटी वाहत्या पाण्यात फिल्म धुऊन ती वाळत घालतात. तेव्हा कृष्णधवल छायाचित्रातील जी काळी छटा आपण पाहतो, ती शाई नसून खरीखुरी चांदी असते.

चित्र कागदावर उतरविताना अंधारखोलीत लहानसा तांबडा दिवा लावलेला चालतो. कारण या कागदावरील थराला तांबडा प्रकाश बाधत नाही. त्या मंद तांबड्या उजेडात, द्रावणाने भरलेल्या तबकात कोरा कागद सोडला की अर्ध्या-एक मिनिटात त्यावर प्रथम केस, मग डोळे, मग संपूर्ण चेहरा हळूहळू वर येऊ लागतो. ज्यांनी हे एकदा पाहिले, ते जन्मभर विसरले नाहीत.

जिलेटिनची एक मौजेची हकीकत आहे. जिलेटिन हे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनवितात. अमेरिकेतील कोडॅक कंपनीला असा अनुभव आला की, काही जिलेटिनची फिल्म प्रकाशाला चटकन दाद देते, तर काहींची देत नाही. १९२० नंतरच्या दशकात तेथील शास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड याने या कोड्याचा उलगडा केला. गाई चरताना मोहरीच्या जातीच्या वनस्पती खातात. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये अल्प प्रमाणात जिलेटिनमध्ये उतरतात, आणि त्यांच्यामुळेच फिल्म अधिक संवेदनशील होते. गाईने काय खाल्ले, यावर माणसाच्या छायाचित्राचा कस ठरावा, हा योगायोग केवढा विलक्षण!

नव्या विद्येचे स्वागत करण्यात आपली मुंबई मागे नव्हती. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. प्रख्यात विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून त्यांनी छायाचित्रणाची कला आत्मसात केली होती. १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचे शिक्षणही सुरू झाले. ते दिवस ओल्या काचेचे होते. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच धुवावयाचे, असा क्रम असे. त्यामुळे छायाचित्रकाराला काचा, बाटल्या आणि काळोखा तंबू यांचे बिऱ्हाड पाठीशी घेऊन हिंडावे लागे. आपल्याकडील उन्हाळ्यात तो थर किती लवकर वाळत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

हे बिऱ्हाड उतरविले ते जॉर्ज ईस्टमन या अमेरिकन उद्योजकाने. १८८८ मध्ये त्याने ‘कोडॅक’ नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांचे रीळ भरलेले असे. ते संपले की संपूर्ण कॅमेराच कारखान्यात धाडावयाचा. तेथे चित्रे तयार होत आणि नवे रीळ भरून कॅमेरा परत येई. पुढच्याच वर्षी त्याने सेल्युलॉइडची पारदर्शक, लवचीक फिल्म तयार केली. १९०० मध्ये त्याने ‘ब्राउनी’ नावाचा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला विकावयास काढला. आतापर्यंत जे काम केवळ जाणकारांचे होते, ते मुलाबाळांच्या हाती आले. १९२५ मध्ये जर्मनीतील ‘लायका’ कॅमेऱ्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म साध्या छायाचित्रासाठी रूढ केली, आणि १९३५ मध्ये ‘कोडाक्रोम’ या फिल्मने रंग घरोघर पोहोचविले.

चित्रपटही याच फिल्मचे अपत्य होय. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. त्यांच्या या यशामागे पत्नी सरस्वतीबाई यांचे कष्ट होते. घरातील माणसांचा स्वयंपाक आणि पाहुणचार सांभाळून त्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे आणि ती रसायनांत धुण्याचे काम करीत. भारतीय चित्रपटाचा आरंभ असा घरातील अंधारखोलीत झाला आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाने स्वतःची फिल्म स्वतः तयार करण्याचा निश्चय केला. त्यासाठी १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. निलगिरी पर्वतातील उदकमंडलम, म्हणजे उटी, येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. फिल्मवर थर देताना धुळीचा कणही चालत नाही; म्हणून तेथील थंड, स्वच्छ हवा सोयीची होती. या फिल्मला व कागदाला ‘इंदू’ असे नाव होते. इंदू म्हणजे चंद्र. चांदीच्या क्षारांवर उमटणाऱ्या चित्रांना याहून समर्पक नाव कोणते मिळाले असते? रुग्णालयांत लागणारी क्ष-किरणांची फिल्मही येथे तयार होत असे.

त्या काळी तालुक्याच्या गावी एखादा तरी स्टुडिओ असावयाचाच. त्यात रंगविलेला पडदा, एक ऐटदार खुर्ची आणि प्रकाशाचे दोन मोठे दिवे असत. मागच्या बाजूस अंधारखोली. छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने हात फिरवून चेहऱ्यावरील डाग नाहीसे करी; कोणी कृष्णधवल चित्रावर कुंचल्याने गालांची लाली आणि साडीचा काठही रंगवी. शाळेत वर्षाच्या अखेरीस वर्गाचे छायाचित्र निघे, तो दिवस सणासारखा असे. बाके मांडली जात, गुरुजन मधोमध बसत, उंच मुले मागे उभी राहत. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून नीट पाहून घेई आणि मग ‘हलू नका’ अशी आज्ञा करी. एक काच वाया गेली तर खर्च वाढे, म्हणून पन्नास मुले श्वास रोखून उभी राहत. पुष्कळांच्या घरी त्यांच्या बालपणीचे एवढे एकच चित्र असे. एखाद्या मुलाला त्या दिवशी ताप आला, तर त्याच्या बालपणाची खूण मागे राहतच नसे. ही उणीव आज आपल्याला समजणे कठीण आहे.

मग एवढी रुजलेली ही पद्धत नाहीशी कशी झाली? १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी, प्रकाशाचे विजेच्या भारात रूपांतर करून तो क्रमाने मोजू देणारी सिलिकॉनची चकती शोधून काढली. या शोधाबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अशा चकतीवर हजारो सूक्ष्म घरे असतात. ज्या घरावर जितका प्रकाश पडेल, तितका भार तेथे साठतो. तो मोजला की एक अंक मिळतो. सर्व घरांचे अंक ओळीने लिहिले की चित्र तयार! या पद्धतीला चांदी नको, द्रावण नको, अंधारखोलीही नको.

नवलाची गोष्ट ही, की या चकतीचा उपयोग करून पहिला डिजिटल कॅमेरा बनविला तो फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीतच. १९७५ मध्ये तेथील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने तो तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमच्या वर होते; त्याच्या चित्रात केवळ दहा हजार ठिपके होते; आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास तेवीस सेकंद लागत. आजच्या साध्या मोबाइलच्या चित्रात कोट्यवधी ठिपके असतात. कोडॅकने या दिशेने पुढे काहीच केले नाही असे नाही. १९९१ मध्ये तिने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी एक महागडा डिजिटल कॅमेराही विक्रीस आणला. परंतु कंपनीचा सारा नफा फिल्म, कागद आणि रसायने यांतून येई. ज्या झाडाच्या फळांवर आपले पोट आहे, त्याच्याच मुळाशी घाव कोण घालणार? म्हणून कंपनीचे पाऊल अडखळत राहिले.

इतरांचे पाऊल अडखळले नाही. २००० च्या सुमारास जगातील फिल्मची विक्री शिखराला पोहोचली आणि त्यानंतर ती झपाट्याने घसरू लागली. त्याच सुमारास मोबाइल दूरध्वनीतही कॅमेरा बसू लागला. १९८८ मध्ये कोडॅकमध्ये जगभर सुमारे एक लक्ष पंचेचाळीस हजार माणसे काम करीत होती; १९ जानेवारी २०१२ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तेव्हा ती संख्या वीस हजारांच्या आत आली होती. जपानमधील फुजी कंपनीवरही हेच संकट कोसळले होते. पण तिने आपल्याला नेमके काय येते याचा विचार केला. फिल्म बनविताना अतिशय पातळ थर देण्याचे कसब तिच्या हाती होते; ते तिने दूरचित्रवाणीच्या सपाट पडद्यांना लागणाऱ्या पटलांसाठी वापरले. जिलेटिन आणि त्वचेतील द्रव्य ही एकाच कुळातील असल्यामुळे तिने त्वचेची प्रसाधनेही बनविली. या दोन कंपन्यांकडे पाहिले म्हणजे, विद्या असणे आणि काळ ओळखून ती नव्या कामी लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात येते.

कोडाक्रोम फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. ती धुण्याची शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होती; २०१० च्या अखेरीस तिनेही हे काम बंद केले. आपल्याकडील उटीचा कारखानाही आज बंद आहे. गावोगावचे स्टुडिओ काही मिटले, काहींनी संगणक घेऊन नवा मार्ग धरला. वर्षानुवर्षे अंधारात केवळ बोटांच्या स्पर्शाने फिल्म गुंडाळणारे, निगेटिव्ह पाहताच प्रकाशाचा अंदाज सांगणारे कारागीर हळूहळू निवृत्त झाले. कापड गिरण्या आल्यावर विणकरांचे जे झाले, तेच यांचेही झाले.

हा बदल वाईटच होता असे मात्र समजू नका. आज गरिबाच्या घरातील बाळाचेही छायाचित्र निघते. दूरच्या पाड्यावरील रुग्णाच्या छातीचे क्ष-किरण-चित्र शहरातील डॉक्टर क्षणार्धात पाहू शकतो. रसायने नद्या-नाल्यांत जाण्याचे थांबले. परंतु प्रत्येक लाभाची काही किंमत असते, आणि ती आपण डोळसपणे पाहिली पाहिजे. फिल्मवरील चित्र पाहावयास यंत्र लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीची काच उजेडासमोर धरली की मनुष्य दिसतो. डिजिटल चित्र म्हणजे अंकांची ओळ. ते वाचणारे यंत्र बिघडले किंवा जुने झाले, तर चित्र आपल्यापुरते नाहीसेच होते. शिवाय चित्रे इतकी साठतात, की त्यांतील मोलाचे कोणते, हे निवडण्यास कोणी बसत नाही.

फिल्मही अमर नाही, हेही खरे. दमट हवेत जिलेटिनला बुरशी लागते. रंग फिके पडतात. चित्रपटांची जुनी नायट्रेट फिल्म तर चटकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे असे कितीतरी जुने चित्रपट जळून गेले. त्यांतील काहींची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

फिल्म अगदी संपलेली मात्र नाही. इंग्लंड, अमेरिका आणि जपान येथे ती आजही थोड्या प्रमाणात तयार होते. काही चित्रपट-दिग्दर्शक अजूनही तिच्यावरच चित्रपट घेतात. २०२४ मध्ये पेंटॅक्स या नाममुद्रेने फिल्मचा एक नवा कॅमेराही बाजारात आला, आणि तो विकत घेणाऱ्यांत तरुणांचा भरणा मोठा आहे. छत्तीसच चित्रे मिळणार म्हटल्यावर माणूस बटण दाबण्यापूर्वी थांबतो, पाहतो, विचार करतो. हे थांबणेच त्यांना हवेसे वाटत असावे.

मुलांनो, या सर्वांत तुम्हांला करण्यासारखे एक काम आहे. घरात जुनी छायाचित्रे आणि निगेटिव्ह असतील, तर ती ओलीपासून दूर, कोरड्या व थंड जागी, स्वच्छ कागदाच्या पाकिटात ठेवा. निगेटिव्ह कडेने धरा, त्यावर बोटे उमटू देऊ नका. वडीलधाऱ्यांजवळ बसून प्रत्येक चित्रातील माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते हे विचारा आणि चित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. चेहरा चांदीवर टिकतो, पण नाव केवळ माणसांच्या आठवणीत असते. आणि ती सांगणारी माणसे आज तुमच्या घरात आहेत.